बाहेर काढलेलं, तरी चालू

आमचे हे निवृत्त झाल्यापासून जेवणाच्या टेबलावर एक जुना ऑसिलोस्कोप ठाण मांडून बसला आहे. विजेची थरथर पडद्यावर रेघेत दाखवणारं यंत्र, पण त्याची रेघच गायब. बिघाड त्याच्या आत सरकवायच्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे एका सुट्या भागात. ते आत असलं की चालू, पण हात पोचत नाही. बाहेर काढलं की हात पोचतो, पण ते निपचित. ऑफिसातून बाहेर पडल्यापासून हेही तसेच झाले होते.

म्हणून यांनी मॉड्यूल बाहेर ठेवूनही जोडता येईल अशी लांब केबल बनवली. तपासायला एक टोक माझ्या हातात दिलं. तार दोन्ही टोकांना नीट जुळली की वाजणारा यांचा मीटर काही वाजेना.

"अहो, समोर बसून तारा डावीकडून मोजताय. तुमचं डावं माझ्याकडे उजवं होतंय!"

हे खुर्ची उचलून माझ्या शेजारी येऊन बसले. मग एकेका तारेला मीटर 'पीं' करून ओ देऊ लागला.

आता लोणच्याच्या बरणीशेजारी मॉड्यूल उघडं पडलं आहे आणि त्याचा दिवा लागला आहे.

"बघ, बाहेर काढलंय, तरी चालू आहे," हे म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी हसले.

रेघ अजून दिसत नाही. पण आता हात पोचतो.