लूम बंद पडले त्या दुपारी

लग्न होऊन रंजना खानदेशातल्या पारोळ्याकडच्या खेड्यातून सुरतच्या लिंबायतला आली, तेव्हा तिला कित्येक रात्री झोप नव्हती. खाली कापड विणायच्या लूमचं खातं, म्हणजे कारखाना, वर राहायची खोली. भिंती थरथरायच्या, मांडणीवरची भांडी आपोआप सरकायची. नवरा वाल्मिक हसून म्हणाला, "होईल सवय." झाली. मग त्याच्या हाताचीही करून घ्यावी लागली.

मारण्याचं कारण कोणी विचारू नये. भाजी अळणी, फोन उशिरा उचलला, मुलगी झाली. ही काय कारणं झाली? रंजना एवढंच बघायची, की खिडकी लावलेली आहे ना. खालच्या खडखडाटात शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही, तर आपलं कोणाला जाणार? या एका खात्रीवर तिने पाच वर्षं काढली. बायकांत बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायची आणि डोळा सुजलाच, तर दार लागलं म्हणायची.

चैत्रातल्या एका दुपारी वाल्मिकने तिचे केस धरले आणि तेवढ्यात लाईट गेली. साऱ्या गल्लीतले लूम एकदम थांबले. वाल्मिकचा हात थांबला नाही.

किंकाळी गल्लीच्या टोकापर्यंत गेली. रंजना मारापेक्षा त्या आवाजानेच हादरली. हे आपण ओरडतोय? इतकं? रोज असंच ओरडत होतो?

जिन्यावर पावलं वाजली, मग दारावर थापा.

"वाल्मिक, दार उघाड!" ही समोरची कलाबाई, घरोघर साड्या वाटून टिकल्यांचं काम करवून घेणारी.

"आमना घरना मामला शे, मावशी. तू जाय."

"घरना? मंग आख्खी गल्लीले कसा ऐकू उना? उघाड, नहीतर दार तोडसू!"

त्याने कडी काढली. कलाबाईने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कोपऱ्यातली पोर कडेवर घेतली, रंजनाचं मनगट धरलं आणि दोघींना आपल्या घरी आणलं. मागोमाग गल्लीतल्या बायका दारात गोळा झाल्या.

"मावशी, आज सगळ्यांना कळलं हो," रंजना म्हणाली. "आता तोंड कसं दाखवू?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

"आज?" कलाबाई म्हणाली. "पोरी, आमले सगळ्यास्ले मालूम व्हतं."

रंजनाला आधी अर्थच लागेना, मग एकेक उलगडत गेलं. साडीवर रक्ताचा डाग आला, की कलाबाई तो धुऊन, साडी सुकवून, मुकाट्याने पुढे देत होती. साड्यांच्या गठ्ठ्यात मलमाची ट्यूब तीच घालत होती. आणि रंजनाला वाटायचं, डिंकाने बोटं सोलतात म्हणून देत असेल!

"मग आला का नाहीत?"

कलाबाई कडेवरच्या पोरीचे केस सारखे करू लागली. शेवटी मागून एक म्हणाली, "तूच सांगे ना, दार लागनं म्हनीसन."

दार! पाच वर्षं एकच दार एकाच बाईला लागत होतं, आणि ते साऱ्या गल्लीला पटत होतं.

रंजनाने भावाला, गजेंद्रला, फोन लावला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भाऊ मुऱ्हाळी होऊन येतो आणि बहिणीला माहेरी नेतो, ही खानदेशची रीत. गजेंद्र म्हणाला, "अगं, आखाजी आलीच की. मी न्यायला येतोच. मुऱ्हाळ्याशिवाय एकटी आलीस तर गाव काय म्हणेल? तोवर घे सांभाळून."

 सख्खा भाऊ! शेजारून ऐकणाऱ्या कलाबाईने फोन ओढून घेतला. "आखाजीले तू काय लई जाशी रे, तिनं मढं?" असं म्हणून तिने तो कापला आणि १८१, बायकांच्या मदतीचा नंबर, फिरवला.

हेल्पलाइनची गाडी आली. उतरलेल्या ताईने गुजरातीत सगळं विचारून घेतलं, आणि मग साक्ष कोण देणार म्हणाली. रंजनाने दाराकडे बोट केलं. "या सगळ्या. यांना सगळं माहीत होतं."

दारातली गर्दी पातळ झाली. एकीला गॅसवरचं दूध आठवलं, एकीला नळाचं पाणी. कलाबाई मात्र पदर खोचून पुढे झाली. "लिखो बेन, कलाबाई. पहले मेरा नाम लिखो."

रंजना आता मुलीला घेऊन सुरतेतच दुसऱ्या वस्तीत, गोडादऱ्यात राहते. केस चालू आहे. कलाबाई एकही तारीख चुकवत नाही. दोघी एकाच रिक्षाने जातात, एकाच डब्यातलं खातात. पण "मावशी" हा शब्द रंजनाच्या तोंडून अजून निघत नाही.