समोरची कोथिंबीर

उल्हासनगरात आमच्या समोर राहणाऱ्या सिंधी काकू दारात बसून कोथिंबीर निवडतात आणि मान वर न करता अख्ख्या मजल्याशी गप्पा मारतात. त्यांची जुडी आठवडाभर टवटवीत राहते, माझी तिसऱ्या दिवशी काळी पडते. “धोने का नहीं बेटा, कोरड्या कपड्यात गुंडाळायची,” हे त्यांनी इतक्या वेळा ऐकवलंय की मला कोथिंबिरीचा वासही नकोसा झालाय. त्यात माझ्या सासूबाई त्यांनी पाठवलेली चटणी बोटं चाटत खातात.

शेवटी मी गुपचूप तसंच केलं. आठवड्याने जुडी हिरवीगार निघाली, मी चटणी वाटली. सासूबाईंनी चाखली आणि दारातून काकूंना हाक दिली, “भाभी, आजची चटणी फर्मास झालीय हं.”

काकूंनी त्या दिवशी काहीच पाठवलं नव्हतं. मान वर न करता त्या म्हणाल्या, “और दूँ क्या?”