लेकीच्या सीटवर कुणाचा नंबर

माझ्या लेकीला पेनिसिलिन सोसत नाही. गेल्या हिवाळ्यात एका इंजेक्शनानंतर तिच्या पाठीवर तांबड्या गांधी उठल्या, ओठ सुजले आणि श्वासातून बारीक शिट्टीसारखा सूर येऊ लागला. वेळेवर उपचार मिळाले, पण तो सूर माझ्या कानांतून गेला नाही. म्हणून तिच्यासाठी गाडीत बसवलेल्या सीटला माहितीची पट्टी चिकटवायचे मी ठरवले. आमच्या गोंदियाकडच्या गोरेगावच्या रस्त्यावर धानाने भरलेले ट्रॅक्टर मागचा दिवा न लावता चालतात. अपघात झाला आणि आम्ही बोलण्याच्या स्थितीत नसलो, तर हे औषध देऊ नका, एवढे तरी त्या पट्टीने सांगावे.

मी कागदावर लिहिले: मुलीचे नाव, रक्तगट, न चालणारे औषध, फोन नंबर. सासऱ्यांनी कागद वाचला आणि उलटून मागची कोरी बाजूही वाचली.

"याच्यात मोठ्यायचं नाव नाही काऊन?"

"पट्टी डॉक्टरांसाठी आहे, बाबा."

"मंग डॉक्टरले समजाले नको, पोरगी कोनाच्या घरची हाय?"

तिथून पुढे ती पट्टी लग्नपत्रिकेच्या वाटेला लागली. सर्वांत वर कुलदेवता प्रसन्न. त्याखाली कैलासवासी पणजोबा, जे संकटसमयी फोन उचलतील अशी आशा नव्हती. मग आजोबा, आजी, मोठे काका. काकांचे नाव घेतले तर काकूंचे कसे गाळावे, म्हणून काकूही. सासूबाईंनी काजळाच्या तिटीसाठी एक कोपरा राखून ठेवला. संपर्कासाठी नंबर अर्थातच सासऱ्यांचा, कारण घराचा नंबर म्हणजे त्यांचा नंबर.

मजकूर घेऊन नवरा गोंदियाला, गाड्यांवर रेडियमची अक्षरे लावणाऱ्याकडे गेला. तिथून त्याचा फोन आला. दुकानदाराचा आवाज मागून ऐकू येत होता, "भैया, जगह कम है. एक लाइन काटनी पड़ेगी."

ओट्यावर बैठक बसली. कोणाची ओळ कापायची? प्रत्येक नावामागे एक रुसवा दबा धरून बसला होता. अखेर सर्वानुमते पेनिसिलिन कापले गेले. ते कोणाचेच नातेवाईक नव्हते.

पट्टी आली. लाल-सोनेरी, डिंकाच्या ताज्या वासाची, ऊन पडले की डोळे दिपवणारी. शेजारच्या काकूंनी तिचे कौतुक केले आणि त्यांच्या नातवाकडे गाडी नसल्याची खंतही बोलून दाखवली.

दुपारी घर निजल्यावर मी औषधपेटीतल्या पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा कापला. न पुसणाऱ्या शाईने त्यावर लिहिले: पेनिसिलिन देऊ नका. खाली रक्तगट आणि एक नंबर. तो तुकडा मी तिच्या डोक्याशी, सहज दिसेल असा, चिकटवला.

बाजाराच्या दिवशी सारे गोरेगावला निघालो. सासरे नेहमीप्रमाणे पुढे बसले आणि मागे वळून थबकले.

"हा कोनाचा नंबर?"

"माझ्या भावाचा."

"पोरीच्या सीटवर मामाचा नंबर? आमी सारे मेलो काय?"

सासूबाईंनी खिडकीबाहेर पाहिले. नवऱ्याला अचानक आरसा पुसावासा वाटला.

"गाडीत आपण सगळेच असतो, बाबा," मी म्हटले. "काही झालं तर तुमचा फोन तुमच्याच खिशात वाजेल. बाहेरचं कुणीतरी हवं."

त्यांचा हात खिशावर गेला, तिथेच राहिला. लेक सीटचा पट्टा चघळत होती.

"तो उचलते काय फोन?"

"उचलतो."

"लावून पाय."

मी स्पीकरवर लावला. पहिल्याच रिंगला भावाचा आवाज आला, धास्तावलेला, "काय झालं? पोरगी बरी हाय ना?"

मी उत्तर देण्याआधी सासरे फोनकडे वाकले, घसा साफ केला आणि व्याह्यांच्या घराण्याशी बोलताना लागतो तो सारा मान आवाजात आणून म्हणाले,

"बरी हाय जी. तपासून राहिलो."