चवडा उचलणारा पट्टा

शिडीवर चढण्यात रंगाऱ्याचा हात धरणारा कोणी नव्हता. एका हातात डबा, दुसऱ्यात ब्रश आणि तोंडाने अखंड गप्पा. "पडाल एक दिवस," असं बायको कायम म्हणायची.

पडला तो, पण सपाट जमिनीवर, स्वयंपाकघराच्या दारात. त्याआधी बरेच दिवस उजव्या पायातली चप्पल निसटत होती. चवडा वर उचलायचाच नाही, फरशीवर घासत जायचा. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "मेंदूचा निरोप पायापर्यंत पोचत नाही. आजार नसांचा आहे, हळूहळू वाढत जाणार." बायकोच्या तोंडचं पाणी पळालं. रंगारी मात्र डॉक्टरांच्या खोलीतले भिंतीचे पोपडे बघत बसला.

दवाखान्यातल्या फिजिओथेरपीच्या बाईंनी त्याच्या गुडघ्याखाली एक पट्टा बांधला आणि टाचेखाली बटण बसवलं. टाच उचलली की पट्ट्यातून सौम्य वीज नसेत जाणार आणि चवडा वर येणार.

"शॉक बसेल का हो?"

"मुंग्या आल्यासारखं वाटेल."

"बसू दे की शॉक," बायको म्हणाली. "इतकी वर्षं माझ्या बोलण्याने कुठे हलले हे!"

सगळे हसले. मग तो उठला आणि दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात चालू लागला. घासण्याचा आवाज येईना. टोकाला पोचून त्याने वळून पाहिलं, आणि तिथेच भिंतीला टेकून तो हमसून हमसून रडला.

पुढचे काही महिने बरे गेले. मेहुण्याने जमिनीवर उभं राहून होतील अशी कामं आणली, फाटकं, खिडक्यांचे गज. संध्याकाळी रंगारी कोपऱ्यापर्यंत एकटा चहाला जायचा.

मग मांडी जड झाली. पाऊल टाकायला जावं, तर चवडा तेवढा टुणकन वर यायचा आणि पाय जागचा हलायचा नाही. बाईंनी विजेचा जोर, पट्ट्याची जागा, सगळं बदलून पाहिलं. शेवटी त्या त्याच्यासमोर स्टुलावर बसल्या. "दादा, हा पट्टा फक्त चवडा उचलतो. अख्खा पाय उचलणं त्याला जमणार नाही."

"मग बांधायचा कशाला?"

बाई पट्टा सोडवायला वाकल्या.

तरी तो रोज सकाळी पट्टा बांधून घ्यायचा. पलंगाच्या कडेला बसून हाताने बटण दाबायचा, सोडायचा आणि चवडा वरखाली होताना बघत राहायचा.

"अहो, पुरे आता."

"थांब गं. एवढंच तर हलतंय."

थंडीत डावा पायही गेला. मेहुण्याने पट्टा दवाखान्यात परत नेऊन दिला. जाताना शिडीही मागितली, त्याला कामावर हवी होती. रंगाऱ्याने मान हलवली. बायकोने दार लावलं, त्याला कुशीवर वळवलं आणि पडून पडून पाठीवर झालेल्या जखमेला मलम लावायला बसली.