बिनरक्ताचं आतांग

मनांग बसिलिसा, म्हणजे बसिलिसाताई, आमच्या शेजारची. तिच्याइतकी भित्री बाई आमच्या गावात दुसरी नव्हती, आणि तिच्याइतकी हट्टीही नव्हती. तिचा नवरा फिलेमोन छाती धरून भाताच्या खाचरात कोसळला, तेव्हा इस्पितळाच्या दारात गुडघे टेकून तिनं देवाला शब्द दिला, ‘हा जिवंत घरी आला, तर माझ्या चुलीवर पुन्हा जिवाचं काही शिजणार नाही.’ फिलेमोन आला. त्या दिवसापासून त्या घरातून डुक्कर गेलं, मासळी गेली, अंडं गेलं, एवढंच काय, खारवलेल्या मासळीच्या बागूंगची बरणीही गेली. बागूंगशिवाय आमच्याकडे वांगी-भेंडीचं पिनाकबेत होत नाही. तिनं आळंबी आणि आंबवलेलं सोयाबीन घालून केलं. मी चाखलं, आणि नाक मुरडायला जागा सापडली नाही म्हणून चिडले.

सगळं सुरळीत चाललं होतं, तिच्या सासूला जाऊन वर्ष होईपर्यंत. त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या तसबिरीपुढे आतांग ठेवायचं असतं, त्याच्या आवडीचं ताट. नाव घेऊन बोलवायचं, त्याचं जेवून होईपर्यंत थांबायचं, मग घरच्यांनी खायचं. आवडीचं नसलं तर मेलेलं माणूस रुसतं आणि घरातल्या कुणाला तरी अंथरुणाला खिळवतं. सासूला आवडायचं दिनारदरान, म्हणजे रक्तात शिजवलेलं डुकराचं कालवण.

“रक्त घातलं तर देव नेईल, नाही घातलं तर सासू नेईल,” ती मला म्हणाली. “आणि नेणार दोघंही फिलेमोनलाच.”

एरवी मला हसू आलं असतं. पण तिचे ओठ पांढरे पडले होते.

शेवटी तिनं केळफूल बारीक चिरलं, काळा घेवडा वाटला, उसाचा शिरका आणि लांब हिरव्या मिरच्या घातल्या. रंग हुबेहूब आला. ताट ठेवताना सासूच्या तसबिरीकडे बघून पुटपुटली, “नानांग, या. तुमचं दिनारदरान केलंय.” खोटं बोलली, आणि तेही मेलेल्या माणसाशी. मग ती मेणबत्त्या आणायला गेली, मीही तिच्यासोबत गेले.

दुपारी फिलेमोननं ते ताट उचललं, एक घास घेतला आणि थांबला. “हे तुझ्या हातचं नाही.”

त्याची थोरली बहीण पर्पेतुआ दारातच उभी होती. “मी बदललं,” ती म्हणाली. “माझ्या घरून आणलं, रक्ताचं. आईला फसवतेस होय? तिला कळल्याशिवाय राहतंय? एकच भाऊ आहे मला.”

“मनांग, तुम्ही मारलंत त्याला.” बसिलिसानं आवाज चढवला नाही, म्हणूनच मला धडकी भरली.

“वाचवलं मी त्याला.”

“मला विचारतंय का कुणी?” फिलेमोन म्हणाला. “मी देवाला भीत नाही, आईलाही नाही. तुम्हा दोघींना भितो.”

कुणी हसलं नाही, कारण त्याचा हात छातीवर गेला होता. घास अडकलाय, म्हणाला.

बसिलिसा मटकन गुडघ्यांवर बसली. “शब्द माझा होता, माझ्याच घरात मोडला. काय घ्यायचं ते माझ्याकडून घे. याच्या वाटेला जाऊ नकोस.” ती देवाशी बोलत होती की सासूशी, कुणास ठाऊक. “असं बोलू नये गं,” म्हणत पर्पेतुआ तिचं तोंड दाबायला धावली, पण तिचं बोलून झालं होतं.

फिलेमोनचा घास उतरला. तो आजही वांगी लावतो आणि बांधावरून माझ्याशी भांडतो. बसिलिसा चार महिन्यांत तापानं गेली. डॉक्टर म्हणाले, डेंग्यू. मी शिकलेली बाई आहे, मीही डेंग्यूच म्हणते. पण देवाशी सौदा करायचा मी तेव्हापासून सोडला.

वर्ष झालं, तिचं आतांग आलं. पर्पेतुआनं भावाच्या घरी येऊन आधी भांडी राखेनं तीनदा घासली. केळफूल चिरलं, घेवडा वाटला. मेलेल्याआधी कुणी चाखायचं नसतं, म्हणून मीठ अंदाजानं घातलं. मग आम्हा सगळ्यांना बाहेर काढून तिनं दार लावून घेतलं. मी खिडकीशी उभी राहिले. ती ताट घेऊन तसबिरीपुढे गेली.

“बसिलिसा, ये,” ती म्हणाली. “रक्त नाही गं यात. दार लावलंय मी, कुणी बदलणार नाही. हवं तर बघ.”

आणि अन्न पार थंड होईपर्यंत तिनं ताटावरची नजर काढली नाही.