जादूच्या किल्ल्याचा उत्तरार्ध

आमच्या वाचकगटात आज प्रत्येकजण आपली आवडती अद्भुतकथा सांगत होता. मला वालूरच्या शाळेतील जादूच्या किल्ल्याची कादंबरी आठवली. मला आणि माझी वर्गमैत्रीण कमल हिला एकाच वेळी वाचता यावी म्हणून बाईंनी ती मधोमध उसवली होती; पूर्वार्ध कमलकडे, उत्तरार्ध माझ्याकडे. अदलाबदल होण्याआधीच नववीतल्या कमलला पाहायला पाहुणे आले. लग्न ठरले की तिची शाळा बंद होणार होती.

त्या दिवशी मी तिच्या घरी होते; स्वयंपाकघरात चहातल्या आल्याचा वास आणि नव्या साडीच्या खळीचा वास मिसळला होता. कमल कुजबुजली, "राजकन्येला कोण सोडवतंय गं?"

"कोणीच न्हाई. दार आतूनच उघडतंय, हे तिला शेवटी कळतंय."

"खरंच उघडतंय व्हय?"

मी शेवटचे पान मुद्देसूद समजावू लागले. तिचा प्रश्न पुस्तकाविषयी नव्हता, हे मला फार उशिरा उमगले.

"कमे, चहा निवायलाय," तिच्या मामी म्हणाल्या.

कमलने पदर डोक्यावर घेतला आणि ट्रे उचलला.