नणंदेचा खांदा

माझ्या नणंदेने एखादी गोष्ट मनावर घेतली की शेवटी ती गोष्टच शरण येते, असं आमच्या घरात सगळे मानतात. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा नवरा, तर लहानपणापासूनच मानत आलाय, कारण त्याच्याकडून रोज परवचा म्हणवून घेण्याचं काम ताईंकडे होतं. पुण्यात चाळिशीपर्यंत घोट्याच्या वर पाण्यात न गेलेली ही बाई ऑकलंडला बँकेत नोकरीला आली आणि माउंट रॉस्किलला आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहू लागली. ऑफिसात कुणीतरी सहज विचारलं, तुमच्याकडच्या बायका पोहत नाहीत ना? एवढ्यावरून ताई पोहायला शिकल्या. वर्षभरात तलाव सोडून त्या समुद्रात गेल्या. तिथेही हात मोजायच्या ते पाढ्यांवर. एकोणतिसाचा पाढा संपला की डोकं वर काढून किनारा बघायचा, मग पुढे तिसाचा. त्यांच्याबरोबर पोहणाऱ्या दोन गोऱ्या बायका एकदा आमच्याकडे चहाला आल्या तेव्हा त्या दोघींनी बेचा पाढा वीसपर्यंत बिनचूक म्हणून दाखवला.

पाणी आज किती गार होतं हे सांगायला ताई सकाळी साडेसहाला फोन करायच्या. आमच्या अंगणात ऊन चांगलं म्हणून त्यांचे टॉग्ज, म्हणजे पोहण्याचे कपडे, कायम आमच्या दोरीवर, माझ्या ओढण्यांच्या शेजारी वाळत असायचे. सत्यनारायणाला त्या पैठणी नेसून यायच्या, पण पायांत जँडल्स, म्हणजे रबरी चपला, आणि डोळ्यांभोवती गॉगलचे लाल वळ. माझी आठ वर्षांची मुलगी मराठी समजून इंग्रजीत बोलणारी, ती सगळ्यांना अभिमानाने सांगायची, "माय आत्या इज हीप्स स्ट्राँग." हीप्स म्हणजे इथल्या मुलांच्या भाषेत खूप. दुखण्यावर मात्र ताईंचा विश्वासच नव्हता. दुखणं हे बहुतेक वेळा आळसाने घेतलेलं सोंग असतं, असं त्यांचं ठाम मत होतं. उजवा खांदा दुखायला लागला आणि फिजिओने सहा आठवडे पोहणं बंद ठेवा म्हणून सांगितलं, तर त्यांनी फिजिओच बंद केला. उन्हाळ्यात एका बेटापासून किनाऱ्यापर्यंत पोहायची शर्यत होती आणि ताईंनी नाव दिलं होतं.

मी फार्मसिस्ट. कोडीन, म्हणजे अफूच्या कुळातलं औषध, घातलेली वेदनाशामक गोळी त्या वर्षांत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवायही मिळायची, आम्ही दोन-चार प्रश्न विचारून द्यायचो. ताईंना पहिलं पाकीट मीच दिलं. तीन दिवसच घ्या, असं बजावलं आणि विसरले. नंतरचे चार महिने मी जे बघत होते त्याचा अर्थ मला लागायला हवा होता. रविवारी जेवताना त्यांना पेंग यायची. पोट साफ होत नाही म्हणून माझ्या भाजीत तेल कमी आहे असं म्हणायच्या. चेहरा पांढुरका पडत चालला होता, तो आम्ही सगळ्यांनी सनस्क्रीनवर ढकलला. पोहणं मात्र एक दिवस चुकलं नाही, आणि त्याचंच आम्हाला कौतुक.

एका शनिवारी हेन्डरसनच्या एका फार्मसीत बदली म्हणून मी उभी होते. काउंटरवरच्या बाई आत येऊन म्हणाल्या, कोडीनच्या गोळीला तुमची परवानगी हवी, पण नेहमीच्या आहेत, फार गोड बाई, पोहणाऱ्या. मी बाहेर आले. समोर ताई. ओले केस, अंगावर जाड जाकीट. आमच्या घरापासून वीस मिनिटं गाडी चालवून त्या इथे कशाला आल्या, हे विचारायची गरजच नव्हती.

"तू इथे कशी?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना बाजूच्या छोट्या खोलीत नेलं आणि पर्स उघडायला सांगितली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना हुकूम केला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझं ऐकलं. तीन पाकिटं निघाली, तीन दुकानांची.

"खांद्यासाठी घेता ना?"

त्यांनी पाकिटं एकावर एक नीट रचली. मग म्हणाल्या, "खांदा आता दुखतो की नाही, मला माहीतच नाही गं. नाही घेतली तर अंग थरथरतं. दोनदा सोडायचा प्रयत्न केला. मला जमलं नाही."

मला जमलं नाही, हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकले नव्हते. मी पोटाबद्दल विचारलं. शौचाला डांबरासारखं काळं होतं, महिनाभर. मालकांना फोन करून मी दुकान त्यांच्या हवाली केलं आणि ताईंना थेट हॉस्पिटलात नेलं. त्याच गोळीतल्या दुसऱ्या औषधाने, आयब्युप्रोफेनने, पोटात व्रण होऊन आतल्या आत रक्त जात होतं. दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं. पहिलं पाकीट माझं होतं, हे मी त्यांच्या पलंगाशी बसून रडत सांगितलं. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, तीन दिवस म्हणजे तीन दिवस, हे तू मला मराठीतच सांगितलं होतंस.

त्यानंतर त्यांनी गोळी सोडणं मनावर घेतलं. आमच्याकडे राहायला आल्या. व्यसन सोडवणाऱ्या क्लिनिकमध्ये ठरलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी हजर व्हायच्या. घाम, पायांत वळवळ, कशावरूनही रडू. सगळं त्या फ्रिजवर लावलेल्या तक्त्यावर नीट अक्षरात लिहायच्या. एका सकाळी इस्त्रीचा सलवार-कमीज घालून त्या मला म्हणाल्या, गाडी काढ. ज्या सात फार्मस्यांमधून त्यांनी गोळ्या घेतल्या होत्या, त्या सातही ठिकाणी आम्ही गेलो. प्रत्येक काउंटरवर त्यांनी स्वतःचा पासपोर्टचा फोटो ठेवला आणि शांतपणे सांगितलं, "हा चेहरा लक्षात ठेवा. मी मागायला आले, कितीही गोड बोलले, तरी मला देऊ नका." सहा जणांनी फोटो ठेवून घेतला. सातव्या ठिकाणचा तरुण फार्मसिस्ट गोंधळून म्हणाला, नो वरीज, मॅडम. "वरीज आहेत," असं म्हणून ताईंनी फोटो त्याच्या हातात दिला. गाडीत बसल्यावर मात्र त्यांना सीटबेल्ट लावता येईना, तो मीच लावला.

ती शर्यत हुकलीच. पुढच्या उन्हाळ्यात डॉक्टरांना विचारून त्यांनी पुन्हा नाव दिलं. आम्ही तिघं किनाऱ्यावर उभे होतो. निम्म्याहून थोडं पुढे आल्यावर खांदा धरला, तेव्हा त्यांनी आपणहून डावा हात वर केला आणि सोबतच्या सुरक्षा-बोटीत चढल्या. किनाऱ्यावर आल्या, टॉवेल गुंडाळून वाळूत बसल्या. माझ्या नवऱ्याने चिप्सचा पुडा पुढे केला. त्यांनी दोन खाल्ल्या. पाण्यातून येणाऱ्या प्रत्येकासाठी त्या डाव्या हाताने मांडीवर थाप मारत होत्या, उजवा जपून कुशीत धरला होता. वारा सुटला, लोक पांगू लागले, माझी मुलगी कुडकुडायला लागली. मी हळूच म्हटलं, ताई, निघू या का?

समुद्रावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "थांब जरा. अजून दोघं पाण्यात आहेत."